आभाळातला दगड, उपग्रहाचे चित्र आणि विद्यापीठातली प्रयोगशाळा

विद्यापीठांतील अंतराळ तंत्रज्ञान केंद्रांत साधारण तीन प्रकारची कामे चालतात. एक, अवकाशात जाणारी उपकरणे किंवा छोटे उपग्रह बनवणे आणि त्यांच्या चाचण्या घेणे. दोन, उपग्रहांकडून आलेल्या माहितीचा अभ्यास करणे. तीन, आकाशातून जमिनीवर आलेल्या वस्तूंची तपासणी करणे. बीड जिल्ह्याचा या केंद्रांशी संबंध दुसऱ्या आणि तिसऱ्या कामामुळे थेट येतो आणि सर्वाधिक गैरसमजही तिथेच आहेत.

मार्च २०२५मध्ये वडवणी तालुक्यातील एका गावात घराच्या पत्र्याला भोक पाडून दगड खाली आल्याची बातमी पसरली. पाहणीचे काम छत्रपती संभाजीनगरच्या एमजीएम विद्यापीठातील अंतराळ विज्ञान केंद्राच्या अभ्यासकांकडे आले. असा दगड लालबुंद तापलेला असतो, त्यातून किरणोत्सर्ग होतो किंवा त्याला लाखोंचा भाव मिळतो, अशी चर्चा अशा वेळी हमखास सुरू होते. उल्का सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगाने वातावरणात शिरते. तिचा बाहेरचा थर वितळून उडून जातो, पण हे सारे काही सेकंदांत आटोपते. लहान दगडाचा मूळ वेग जमिनीपासून बरेच किलोमीटर उंचीवरच संपतो आणि पुढचे अंतर तो एखाद्या उंचावरून टाकलेल्या दगडासारखा, प्रकाश न देता कापतो. आतला भाग अवकाशातल्या थंडीचाच राहिलेला असतो. म्हणून नुकताच पडलेला असा दगड, म्हणजेच अशनी, कोमट किंवा गारही लागतो. त्यामुळे गवताची गंज पेटल्याच्या कथा संशयानेच तपासाव्या लागतात. किरणोत्सर्गाचे म्हणावे तर तो साध्या खडकाइतकाच, हात लावल्याने अपाय होईल असा नसतो.

‘लोहचुंबक चिकटले, म्हणजे अशनी’ हा समज मराठवाड्यात विशेष फसवा ठरतो. बीडची जमीन दख्खनच्या बेसाल्टची आहे. या काळ्या पाषाणात मॅग्नेटाइट असते, त्यामुळे त्याच्याकडेही चुंबक थोडेफार ओढले जाते. भट्टीतली धातुमळी आणि जळून घट्ट झालेली राखही काळी व जड असते. म्हणून प्रयोगशाळेत एका खुणेवर निकाल दिला जात नाही. आधी दगड हवेत आणि मग पाण्यात तोलून घनता काढतात. बेसाल्टची घनता तीनच्या आत-बाहेर असते, तर सर्वाधिक आढळणाऱ्या अशनींची ३.२ ते ३.७. पृष्ठभागावर जेमतेम एक मिलिमीटरचे काळे वितळकवच आहे का, हे पाहतात. बुडबुड्यांची भोके दिसली तर संशय वाढतो, कारण ती बेसाल्टात आणि धातुमळीत सर्रास असतात, अशनींत जवळपास नसतात. शेवटी दगडाचा ०.०३ मिलिमीटर जाडीचा काप घासून काचेवर बसवतात. इतक्या पातळ कापातून प्रकाश आरपार जातो आणि ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली कॉन्ड्रूल नावाचे गोल कण दिसले, धातूच्या कणांत निकेल सापडले, तर शिक्कामोर्तब होते. हे काम आठवड्यांचे आहे. त्यामुळे दुसऱ्या दिवशी ‘निकाल का नाही?’ असा प्रश्न विचारणे अन्यायाचे आहे. अशा दगडाचे मोल बाजारभावात नसते. नागपूर जिल्ह्यातील काटोल येथे २२ मे २०१२ रोजी पडलेल्या अशनीत पृथ्वीच्या खोल अंतर्भागात आढळणारे ब्रिजमनाइट हे खनिज नैसर्गिक स्थितीत सापडले. २०२१मध्ये प्रसिद्ध झालेले हे संशोधन खरगपूरच्या आयआयटीतील अभ्यासकांच्या पुढाकाराने झाले होते. काटोलचे सगळेच तुकडे विकले गेले असते, तर हा शोध कदाचित लागलाच नसता.

आकाशातून पडणारे सगळेच अशनी नसतात. २ एप्रिल २०२२च्या संध्याकाळी महाराष्ट्रभर जळत्या रेषा दिसल्या आणि चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात धातूचे मोठे कडे व गोळे सापडले. ते एका चिनी रॉकेटच्या टप्प्याचे अवशेष असावेत, असे अभ्यासकांनी ताडले. रॉकेटचा कचरा सेकंदाला आठ किलोमीटरच्या आत-बाहेर वेगाने येतो, म्हणून त्याची रेषा आकाशात बराच वेळ रेंगाळते. उल्का डोळ्याचे पाते लवते न लवते तोच विझते. हैदराबादहून टाटा मूलभूत संशोधन संस्थेने सोडलेले संशोधन-फुगेही वाऱ्याबरोबर येऊन शेजारच्या राज्यांत उतरतात. त्यांची उपकरणे उघडू नयेत, पोलिसांना कळवावे, अशा सूचना त्यांवरच लिहिलेल्या असतात.

शेतीच्या बाबतीत गैरसमज उलट्या टोकाचा आहे. उपग्रह सगळे पाहतो, त्याला प्रत्येक रोप दिसते, आणि दुष्काळ तोच ठरवतो, असे मानले जाते. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांच्या चित्रातला एक ठिपका, म्हणजे पिक्सेल, १० मीटर बाय १० मीटरचा असतो. म्हणजे एका गुंठ्याएवढा. एका एकरातून असे चाळीस ठिपके मिळतात, पण बांधालगतचे ठिपके अर्धे या शेताचे, अर्धे त्या शेताचे. भारताच्या रिसोर्ससॅटच्या लिस-३ कॅमेऱ्याचा ठिपका साडेतेवीस मीटरचा, म्हणजे साडेपाच गुंठ्यांचा. कपाशीत तुरीचे आंतरपीक असेल तर दोन्ही पिकांचा प्रकाश एकाच ठिपक्यात मिसळतो. त्यात भर म्हणजे खरिपात ऐन गरजेच्या वेळी आभाळ भरलेले असते आणि साध्या कॅमेऱ्याला ढगांपलीकडचे दिसत नाही. त्यासाठी रडारचे उपग्रह लागतात. १४ फेब्रुवारी २०२२ रोजी सोडलेला ईओएस-०४ तसाच आहे.

केंद्रातल्या अभ्यासकाचे काम या चित्रांना शेताशी जोडण्याचे असते. निरोगी पान तांबडा प्रकाश शोषते आणि जवळचा अवरक्त प्रकाश जोरात परावर्तित करते. दोन्हींच्या फरकातून पिकाच्या हिरवेपणाचा निर्देशांक काढतात. पण निर्देशांक खाली आला तर पाण्याचा ताण, किडीचा प्रादुर्भाव की नुसती उशिराची पेरणी, हे आकड्यावरून कळत नाही. म्हणून विद्यार्थी जीपीएस घेऊन बांधावर जातात, पीक, वाण, पेरणीची तारीख आणि ओलावा नोंदवतात, स्पेक्ट्रोरेडिओमीटरने पानांचे परावर्तन मोजतात. छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागात दूरसंवेदनाचे असे संशोधन होते. दुष्काळाचेही तेच. केंद्र सरकारच्या २०१६च्या दुष्काळ नियमावलीत उपग्रहाचे निर्देशांक पाऊस, मातीतला ओलावा आणि पाणीसाठ्यांबरोबरचा एक निकष आहेत. त्यानंतर निवडक दहा टक्के गावांत प्रत्यक्ष पडताळणी करावी लागते. पाऊस चुकलेल्या वर्षी बीडसारख्या जिल्ह्यात या पडताळणीला चित्राइतकेच, किंबहुना जास्तच, महत्त्व आहे.

अंतराळातले संशोधन फक्त इस्रो करते, हाही समज टिकणारा नाही. इस्रोचा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाबरोबर संयुक्त संशोधन कार्यक्रम आहे आणि मुंबईच्या आयआयटीत अंतराळ तंत्रज्ञान कक्ष आहे. २ सप्टेंबर २०२३ रोजी निघालेल्या आदित्य-एल१वरील सूट ही सूर्याची अतिनील दुर्बीण पुण्याच्या आयुकाच्या नेतृत्वाखाली तयार झाली, आणि आयुका विद्यापीठांसाठीचेच केंद्र आहे. २०१६ हे वर्ष तर महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांचेच म्हणावे लागेल. २२ जूनला पीएसएलव्ही-सी३४ रॉकेटने पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांचा ‘स्वयम्’ हा उपग्रह नेला. २६ सप्टेंबरला पीएसएलव्ही-सी३५ने मुंबईच्या आयआयटीचा ‘प्रथम’. स्वयम् अवघा एक किलोच्या आसपासचा, दहा सेंटिमीटरचा चौकोनी ठोकळा. दिशा धरण्यासाठी त्यात इंधन नव्हते, मोटारी नव्हत्या. कायमचुंबक बसवून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या आधारे तो स्थिर राहावा, अशी रचना होती. दहा किलोच्या प्रथमचे काम आयनावरणातील इलेक्ट्रॉन मोजण्याचे होते.

उपग्रह सुटला की काम संपले, असे बाहेरच्यांना वाटते. खरे तर मुलांची धावपळ तेव्हा सुरू होते. पाचशे किलोमीटर उंचीवरचा उपग्रह दीड तासात पृथ्वीला फेरी मारतो, पण एका ठिकाणाहून तो एका वेळी फार तर दहा-बारा मिनिटे दिसतो, तेही दिवसातून मोजक्या फेऱ्यांत, कधी पहाटे तर कधी रात्री. तेवढ्या वेळात अँटेना त्याच्या मागे फिरवायची, त्याच्या वेगामुळे सरकणारी वारंवारता सांभाळायची. ४३० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात हा फरक दहा किलोहर्ट्झपर्यंत जातो. फेरी हुकली की पुढच्या फेरीची वाट पाहायची. त्याआधीची वर्षे तर चाचण्यांतच गेलेली असतात. मनगटाला जमिनीशी जोडलेला पट्टा बांधून, धूळविरहित खोलीत, एक-एक सांधा तपासायचा. उपग्रह रॉकेटचे हादरे सोसेल का ते कंपनमंचावर आणि निर्वातातली थंडी-उष्णता सोसेल का ते बंद कक्षात पाहायचे. आणि प्रत्येक गोष्टीची लेखी नोंद ठेवायची. लहान उपग्रह म्हणजे खेळणे, असे म्हणणाऱ्याने यातली एक चाचणी तरी पाहायला हवी.

या केंद्रांतील प्रवेशाबाबतही गोंधळ आहे. वैमानिकी किंवा खगोलशास्त्राची पदवीच लागते, असे नाही. दगडांच्या कामाला भूशास्त्र, चित्रांच्या कामाला संगणकशास्त्र, भूगोल आणि कृषी, उपग्रहाच्या कामाला इलेक्ट्रॉनिक्स, यंत्र अभियांत्रिकी आणि भौतिकशास्त्र असे विषय चालतात. पदव्युत्तर शिक्षणानंतर नेट किंवा गेट उत्तीर्ण होऊन संशोधनाला लागलेल्या कनिष्ठ संशोधकाला २०२३पासून केंद्र सरकारच्या दरानुसार दरमहा ३७,००० रुपये पाठ्यवृत्ती आणि घरभाडे भत्ता मिळतो. दोन वर्षांनी, प्रगती समाधानकारक असल्यास, ती ४२,००० होते.