मिक्सर लिहायचा, पीपीएफही लिहायचं

नादारीच्या अर्जासाठी मालमत्तेची यादी करायला बसलं की पक्षकाराचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "वकीलसाहेब, मिक्सरपण लिहायचा?" लिहायचा. गंमत अशी की मिक्सरपाशी अडणारा हाच माणूस मेव्हण्याला हातउसने दिलेले साठ हजार साफ विसरलेला असतो. येणं ही मालमत्ताच असते. भिशीत भरलेले पैसे, दुकानगाळ्याचं डिपॉझिट, पतसंस्थेचे शेअर्स, सात-बारावरचा सामाईक हिस्सा, सगळं त्यात आलं. बँकेत तारण ठेवलेलं सोनंही लिहायचं, बोजाची नोंद करून. "ते आता आपलं कुठं राहिलं?" असं म्हणून चालत नाही, कारण गहाण पडलं तरी मालकी अजून आपलीच असते.

2016 ची दिवाळखोरी संहिता आली आणि जुने कायदे संपले, असं कोर्टाच्या आवारातही ऐकू येतं. संहितेचा व्यक्तींसाठीचा भाग 1 डिसेंबर 2019 पासून लागू झाला, तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांपुरता. तालुक्याच्या गावातल्या किराणा दुकानदाराला अजूनही 1920 चा प्रांतिक नादारी कायदाच लागतो आणि मुंबईकराला 1909 चा.

सगळ्यात महाग पडणारा गैरसमज म्हणजे "लिहिलं की गेलं". 1920 च्या कायद्याचं कलम 13 म्हणतं, सगळी मालमत्ता सांगा. रोकड सोडून जे असेल त्याची किंमत सांगा आणि ते कुठे आहे तेही सांगा. पण दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 ने ज्याला जप्तीतून सूट दिली आहे, ते धनकोंच्या वाटणीत जातच नाही. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, सुताराची हत्यारं, शेतकऱ्याची अवजारं आणि बियाणं या यादीत आहेत. आयुर्विम्याचे पैसे आणि पीपीएफही आहेत. म्हणजे साड्यांच्या घडीत दडवलेलं पीपीएफचं पासबुक दडवायचं काही कारणच नव्हतं. उलट ते दडवल्याचं उघडकीला आलं, तर बाकीच्या खऱ्या नोंदींवरही कोर्टाचा विश्वास राहत नाही. फसवणुकीच्या हेतूने लपवल्याचं सिद्ध झालं तर एक वर्षापर्यंत कैद आहे.

मिक्सर भांड्यात बसतो का, यावर मात्र वाद घालायला जागा आहे. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे पितळी पातेली होती. मुंबईच्या 1909 च्या कायद्याने तर हत्यारं, कपडे, भांडी, सामान असं सगळं मिळून तीनशे रुपयांपर्यंतच सूट लिहून ठेवली. त्या काळी तीनशेत संसार उभा राहत असेल. आज एक बरी गादीही येत नाही.

सोन्याबद्दल दोन टोकांचे समज आहेत. एक, बायकोचं सगळं जातं. दुसरा, बायकोच्या अंगावर घातलं की सगळं वाचतं. धर्माच्या रूढीप्रमाणे बाईला अंगावेगळे करता येत नाहीत असे दागिने, म्हणजे आपल्याकडे मंगळसूत्र, जप्त होत नाहीत. पाटल्या-बांगड्यांना ही सूट आपोआप मिळत नाही. पण त्या तिला लग्नात मिळालेल्या असतील तर ते स्त्रीधन. सर्वोच्च न्यायालयाने 1985 साली प्रतिभा राणी खटल्यात ते तिच्या एकटीच्या मालकीचं ठरवलं. नवऱ्याच्या देण्यासाठी तिची मालमत्ता धरता येत नाही. इथे लग्नाचा अल्बम कामाला येतो: फोटोत हातात दिसणाऱ्या पाटल्या आणि सराफाची जुनी पावती. दुकानाच्या गल्ल्यातून परवा घेतलेला हार अल्बममध्ये कुठून सापडणार?

"राहतं घर कुणी घेऊ शकत नाही" हे अर्धंच खरं आहे. कलम 60 शेतकरी, मजूर आणि घरकामगार यांच्या राहत्या घराला संरक्षण देतं. दुकानदाराच्या फ्लॅटला त्यात जागा नाही. मग काहीजण शहाणपणा करून फ्लॅट मुलाच्या नावे बक्षीसपत्राने करून येतात आणि मुद्रांक शुल्काची पावती जपून ठेवतात. बदल्यात काही न घेता दिलेली मालमत्ता आणि त्यानंतर दोन वर्षांच्या आत आलेला नादारीचा अर्ज, असा हिशेब जुळला की रिसीव्हर, म्हणजे नादाराची मालमत्ता ताब्यात घ्यायला कोर्टाने नेमलेला माणूस, ते हस्तांतर रद्द करून मागू शकतो. आवडत्या धनकोला आधी भागवण्याचंही तसंच आहे, फक्त तिथे मुदत तीन महिन्यांची.

आणि नादार ठरलं म्हणून यादी बंद होत नाही. मुक्ततेचा आदेश निघेपर्यंत वारसाने किंवा इतर मार्गाने जे पदरात पडेल, तेही रिसीव्हरकडे जातं. त्यामुळे वडिलांचं दिवसकार्य आटोपून तलाठ्याकडे वारसनोंदीचा अर्ज दिला की त्याची एक प्रत रिसीव्हरलाही पोचती करावी लागते.