बाळ काटकुळे, चरबी मात्र शाबूत

प्रौढ वयातल्या मधुमेहाची पायाभरणी पुष्कळदा आईच्या पोटातच होते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील गरोदर स्त्रिया आणि पुढे त्यांची मुले तपासली. इथली बाळे जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. मात्र खांद्याच्या पात्याखालची कातडी चिमट्यात धरून मोजली, तेव्हा चरबीत तेवढी तूट दिसली नाही. घट होती ती स्नायूंत आणि पोटातल्या अवयवांत.

कारणे रोजच्या जगण्यात होती. दिवस गेलेले असतानाही शेतात राबणाऱ्या, विहिरीवरून पाणी वाहणाऱ्या बायकांची बाळे अधिक लहान भरली. ज्यांच्या ताटात दूध, फळे, पालेभाज्या वारंवार येत, त्यांची बाळे त्या मानाने मोठी होती. एकूण उष्मांकांचा तसा संबंध आढळला नाही. नुसता शिधा वाढवण्याचा हिशेब इथे तोकडाच पडतो. शिवाय बऱ्याच मातांमध्ये ब१२ जीवनसत्त्व कमी होते. ज्यांच्यात ब१२ कमी आणि फोलेट जास्त, त्यांच्या मुलांच्या शरीरात सहाव्या वर्षीच इन्सुलिनला विरोध अधिक आढळला.