गाडीची रोजनिशी

बालमित्रांनो, गणितात 100 पैकी 72 गुण मिळाले, एवढंच कळलं तर पुढच्या वेळी काय सुधारायचं ते समजेल का? नाही ना! कुठलं उदाहरण चुकलं, ते पाहावं लागतं.

शर्यतीच्या ट्रॅकवर गाडी चालवणाऱ्यांचंही तसंच असतं. स्टॉपवॉच नुसता फेरीचा एकूण वेळ सांगतं. कोणत्या वळणावर वेळ वाया गेला, हे सांगते ती गाडीत बसवलेली 'डेटा लॉगर' नावाची छोटीशी पेटी. गाडीची रोजनिशीच म्हणा ना!

जीपीएस उपग्रहांच्या मदतीने ती गाडीचं ठिकाण आणि वेग टिपते. एसटीने करकचून ब्रेक लावला की आपण पुढे झुकतो ना? तसे झटके मोजणारा संवेदकही बहुतेक पेट्यांत असतो.

मग पेटी निवडायची कशी? तीन प्रश्न विचारा.

पहिला : सेकंदाला किती नोंदी? चला, पाटी-पेन्सिल घ्या. ताशी 180 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 50 मीटर. सेकंदाला एकच नोंद झाली, तर मधले 50 मीटर कोरेच राहतात. एखादं छोटं वळण त्यात हरवूनच जायचं! 10 नोंदी घेतल्या, तर अंतर उरतं 5 मीटर आणि 25 घेतल्या तर फक्त 2 मीटर.

दुसरा : काय काय मोजता येतं? नवशिक्याला वेळ आणि वेग पुरेसा असतो. पुढे ब्रेक, ॲक्सिलरेटर, स्टिअरिंग यांच्या नोंदी जोडता आल्या म्हणजे झालं.

तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा : आपल्याला ते वाचता येतं का? ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटची एक फेरी 5.125 किलोमीटरची, त्यात 16 वळणं. दोन फेऱ्यांचे आलेख एकमेकांवर ठेवले, की फरक कुठे पडला ते चटकन दिसायला हवं. आकडे नुसते साठवून काय उपयोग?

पेटी घट्ट बसवायला मात्र विसरायचं नाही. सुटली तर जोराच्या ब्रेकला ती दगडासारखी पुढे येईल. आणि पालकहो, हा सारा वेग फक्त ट्रॅकवरचा. रस्त्यावर तो कोणाच्या तरी जिवावर बेतेल.

आता तुम्ही करून पाहा. शाळेच्या मैदानाचे चार भाग करा. तुम्ही पळा, मित्राला प्रत्येक भागाचा वेळ लिहू द्या. दोन फेऱ्या ताडून पाहा. कुठे मागे पडलात, ते तुमची वहीच सांगेल!