शनिवारी सकाळची एक रात्र

सकाळचे सव्वासात. जानेवारीची थंडी अशी की जेहान सर्कलच्या चहाच्या टपरीवर माणसं ग्लास दोन्ही हातांनी धरून उभी आहेत. पिवळ्या स्कूलबस एकीमागे एक गंगापूर रोडला लागतात. कानटोप्या घातलेली मंडळी झपझप सोमेश्वरच्या दिशेनं फिरायला निघाली आहेत. मी आनंदवलीकडे वळते. खांद्यावरच्या पिशवीत पाच पुस्तकं आहेत, सातवीच्या ट्रंकेत टाकायला आणलेली.

शाळा साधी आहे, मराठी माध्यमाची. वर्गात तीसेक मुलं. कुणाचे वडील सातपूरच्या कारखान्यात, कुणाचे गंगापूर गावाकडच्या नर्सरीत, कुणाची आई याच रस्त्यावरच्या बंगल्यांमध्ये कामाला. बाई अजून आलेल्या नाहीत, तरी वर्ग चालू आहे. लोखंडी ट्रंक उघडून दोन मुली जमिनीवर बसल्या आहेत. एक पुस्तकं झटकते, दुसरी वहीत नोंद करते. वहीत चारच रकाने: पुस्तक, कुणी नेलं, कधी आणलं आणि ‘कुणाला सांगितलं’. चौथा रकाना रिकामा असेल तर नवीन पुस्तक मिळत नाही, असा या वर्गाचा कायदा आहे. वाचून झालेलं पुस्तक घरी, गल्लीत, निदान एका माणसाला तरी सांगायचं. एका मुलानं तिथे ‘आजी (झोपली)’ असं लिहिलंय आणि ट्रंकवाल्या मुलीला ते मान्य नाही.

‘‘झोपलेली चालत नाही. परत सांग.’’

‘‘अगं, अर्धं ऐकलं तिनं!’’

‘‘मग उरलेलं अर्धं सांग.’’

तेवढ्यात बाई येतात. शाल, हातात हेल्मेट, खांद्याला पिशवी. मुलं उभी राहतात, बाई हातानंच बसवतात आणि आधी ट्रंकेपाशी जातात. माझी पुस्तकं उलटूनपालटून बघतात. एक बाजूला काढतात. ‘‘हे मी आधी वाचते, मग आत.’’ ट्रंकेतलं प्रत्येक पुस्तक बाईंनी वाचलेलं आहे हे मुलांना पक्कं ठाऊक आहे. म्हणून तर ती मधल्या सुट्टीत बाईंना अडवून विचारतात, शेवट काय आहे सांगू नका, पण कुत्रा मरतो का तेवढं सांगा.

पुस्तकांच्या पेटीचं नाशिकला अप्रूप नाही. याच रस्त्यानं शहराकडे मागे गेलं की विद्याविकास सर्कलजवळ कुसुमाग्रज स्मारक लागतं. कुसुमाग्रज प्रतिष्ठाननं विनायक रानडे यांच्या कल्पनेतून २००९ साली ‘ग्रंथ तुमच्या दारी’ सुरू केलं, आणि त्या पेट्या नाशिकबाहेर, राज्याबाहेर, पार दुबईपर्यंत पोचल्या. वाचकानं ग्रंथालयात यावं म्हणून वाट पाहत बसायचं नाही, पुस्तकांनीच उठून जायचं. बाईंची ट्रंक त्याच वाटेवरची आहे. फक्त तिचा ग्रंथपाल बारा वर्षांचा आहे.

आज शनिवार, त्यामुळे दप्तरं नाहीत. सरकारी कागदावर याला ‘आनंददायी शनिवार’ म्हणतात. या वर्गात शनिवारला ‘रात्र’ म्हणतात. त्याचं कारण मला आत्ता समोर दिसतंय.

फळ्यावर एक मुलगा लिहितो: ‘रेकॉर्डिंग चालू. शिंकायचं असेल तर बाहेर जा.’ रस्त्याकडच्या खिडक्या बंद होतात, कारण साडेसातनंतर हॉर्न थांबत नाहीत. दाराशी एकजण पहाऱ्याला उभा राहतो. बाई आपला फोन टेबलावर, घडी केलेल्या शालीवर ठेवतात. टेबल हललं तर खरखर येते, शालीवर येत नाही. हा शोध पहिल्या बाकावरच्या मुलीचा आहे, बाई मला मुद्दाम सांगतात. फोनसमोर एक किडकिडीत मुलगा ‘श्यामची आई’ उघडून बसलाय. ओठ चाटतो, पाणी पितो, मान हलवतो. बाई बोटानं खूण करतात.

तो वाचायला लागतो. आज श्यामच्या पोहण्याची गोष्ट आहे.

हे सगळं एका मुलीसाठी चाललंय. ती दिवाळीपर्यंत याच वर्गात, तिसऱ्या बाकावर बसायची. तिचे आईवडील मूळचे पेठकडचे. द्राक्षाच्या हंगामात ते बागांच्या कामाला जातात. छाटणी झाली की डिपिंग, थिनिंग, मग तोडणी, तोवर मुक्काम बागेतच. पेठ-सुरगाण्याची कितीतरी कुटुंबं अशीच दिंडोरी-निफाडच्या बागांमध्ये हंगाम काढतात, आणि मुलंही बरोबर जातात. यंदा तीही गेली. ज्या रात्री सामान बांधलं, त्या रात्री तिच्याकडे ट्रंकेतलं ‘श्यामची आई’ होतं, अर्धवट वाचलेलं. ते तिनं शेजारणीच्या हाती शाळेत परत पाठवलं. वहीत नोंद आहे: ‘आणलं.’ चौथा रकाना कोरा.

बाईंनी ती नोंद वर्गाला वाचून दाखवली आणि विचारलं, आता काय करायचं? नवी प्रत पाठवू, असं कुणी म्हणालं. तिला इथे बोलवू, असंही कुणी म्हणालं. मागच्या बाकावरून आवाज आला, ‘‘आपणच वाचून पाठवू. तिच्या पप्पांकडे फोन आहे ना.’’

बाईंनी त्या दिवशी वर्गाला आणखी काहीतरी सांगितलं, आणि आज मुलं तेच मला सांगतात. मी फक्त, ‘‘हेच पुस्तक का रे?’’ एवढं विचारलं होतं. पाच-सहाजण एकदम बोलू लागतात. हे पुस्तक नाशिकचंच आहे. साने गुरुजी नाशिकच्या तुरुंगात होते, तिथे त्यांनी ते लिहिलं. ९ फेब्रुवारी १९३३ला सुरू केलं आणि १३ तारखेला सकाळी संपवलं. ‘‘पाच दिवसांत!’’ एकजण पाचही बोटं दाखवतो. आणि त्यात धडे नसतात, रात्री असतात. रात्र पहिली, रात्र दुसरी, अशा बेचाळीस. श्याम रोज रात्री मित्रांना गोळा करून आईच्या आठवणी सांगतो.

म्हणजे मुळात हे पुस्तक ऐकायचंच आहे. छापील पानावर ते आपण इतकी वर्षं डोळ्यांनी वाचत आलो, तरी त्याची बैठक अंगणातली, चार माणसं भोवती बसलेली. या मुलांनी त्याला परत आवाज दिला. हातातल्या फोननं दिला हे खरं, पण फोन तर घरोघरी आहेत. कुणासाठी वाचतोय हे माहीत असणं ही खरी गोष्ट. तो किडकिडीत मुलगा एरवी वाचताना अडखळतो, असं बाई मला हळूच सांगतात. आत्ता तो एका वाक्याशी थांबतो, हात वर करतो, ‘‘बाई, हे परत घेतो, तिला कळणार नाही असं’’ म्हणतो आणि तेच वाक्य सावकाश, नीट, तोडून वाचतो. कुठल्याही परीक्षेसाठी त्यानं हे केलं नसतं.

श्याम पोहायला घाबरतो, लपून बसतो, आई त्याला शोधून काढते आणि मारते. फोन बंद होताच पहाऱ्यावरचा मुलगा आत येतो. ‘‘बाई, आईनं मारलेलं चालतं का?’’

वर्गात कुजबुज. बाई लगेच उत्तर देत नाहीत, खुर्ची ओढून मुलांमध्ये बसतात.

‘‘तुला काय वाटतं?’’

‘‘मला नाही आवडलं.’’

‘‘पण नंतर तिलाच वाईट वाटलं ना,’’ खिडकीजवळची मुलगी.

‘‘वाईट वाटणार तर मारलंच कशाला?’’

‘‘तो भित्रा झाला असता.’’

‘‘माझा दादा सोमेश्वरला पोहायला शिकला. कुणी मारलं नाही त्याला. मामानं कमरेला दोर बांधला होता.’’

बाई म्हणतात, ‘‘शाळेत मुलांना मारायचं नाही असा आता कायदा आहे. ही गोष्ट त्याच्या कितीतरी आधीची. श्यामच्या आईवर माझं फार प्रेम आहे, आणि तरी या पानावर मीही थांबते. पुस्तक आवडतं म्हणून त्यातलं सगळं पटलंच पाहिजे असं नाही.’’ मुलं ऐकतात. लाडक्या पुस्तकाशी भांडायची मुभा देणारे शिक्षक मला माझ्या शाळेत भेटले नाहीत. या मुलांना ते सातवीत भेटलेत, याचा मला मनापासून आनंद होतो.

भिंतीवर एक फुलस्केप कागद चिकटवलाय. ‘सातवीचं दैनिक’, हस्तलिखित. आजचा अंक एका मुलीनं काढलाय. बातम्या अशा: काल खिचडीत वाटाणे जास्त होते. तिसरीतल्या एकाचा दात पडला, सापडला नाही. पाण्याच्या टाकीवर पोपट आला होता, सगळ्यांनी पाहिला, गणित राहिलं. याचंही मूळ साने गुरुजींपाशीच. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक असताना ते वसतिगृहातल्या मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचं दैनिक स्वतःच्या हातानं लिहून काढत. १९२८ साली त्यांनी ‘विद्यार्थी’ मासिकही सुरू केलं. शंभरेक वर्षांपूर्वी एक शिक्षक दिवसाचं काम उरकून मुलांसाठी रोज हातानं अंक लिहीत होता, हे आठवलं की मला तंत्रज्ञानावरच्या आपल्या चर्चा फार लहान वाटतात. त्यांच्याजवळ कागद होता, यांच्याजवळ फोन आहे. बाई दैनिकाचा फोटो काढून पालकांच्या ग्रुपवर टाकतात. बागेतल्या मुलीला खिचडीतले वाटाणेसुद्धा कळतात.

फोन आणखीही कामाला येतो. एक गट बाईंभोवती बसून ‘किशोर’चे जुने अंक बघतोय. बालभारतीनं हे मासिक १९७१ साली सुरू केलं आणि त्याचे जुने अंक आता इंटरनेटवर फुकट वाचता येतात. मुलं मुखपृष्ठांवर बोटं ठेवून वर्षं मोजतात. ‘‘हा माझे पप्पा दुसरीत असतानाचा!’’ तो अंक लगेच पप्पांना पाठवायचा ठरतो. मग त्याच फोनवर एकजण भूगोलाच्या पुस्तकातला क्यूआर कोड उघडू बघतो. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकात असे कोड वापरले आणि २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, हे या वर्गाला पाठ आहे. व्हिडिओ गोल गोल फिरत राहतो. बाई फळ्यावर नकाशा काढायला लागतात आणि व्हिडिओ यायच्या आत गोदावरी नांदूरमधमेश्वरला पोचते.

मग सगळे ज्याची वाट बघत होते ते येतं. बाई छोटा स्पीकर जोडतात. मागच्या शनिवारच्या रात्रीला तिचं उत्तर आलंय.

आधी नुसती घरघर. बागेत फवारणीचा ब्लोअर चालू असावा. मग तिचा आवाज, मोठा, घाईघाईचा. पप्पांचा फोन रात्रीच मिळतो. मग ती झोपडीबाहेर शेकोटीपाशी बसून ऐकते. इथली सहा पोरं पण येतात. त्यातली दोन शाळेतच जात नाहीत. निफाडला लई थंडी आहे. पत्रावळीची गोष्ट परत पाठवा, ती लहान्यानं पुसली.

‘‘श्यामपण रात्रीच सांगायचा,’’ कुणीतरी म्हणतं.

ट्रंकवाली मुलगी वही उघडते. ‘श्यामची आई’च्या ओळीवर, चौथ्या रकान्यात ‘सहा पोरं’ असं लिहिते आणि बाईंकडे बघते. बाई पर्समधून एक कागद काढतात, तिचा निरोप ज्या नंबरवरून आला तो त्यावर लिहिलाय. शाळेत न जाणाऱ्या त्या दोन मुलांना बागेजवळच्या शाळेत बसवता येईल का, तिथल्या मुख्याध्यापकांशी त्यांना सोमवारी बोलायचं आहे.

‘‘आणि पुढची रात्र कोण वाचणार?’’

अकरा हात वर होतात. मघाचा किडकिडीत मुलगाही हात वर करतो, त्याच्यावर लगेच ओरडा होतो, तू आत्ताच वाचलीस. तो म्हणतो, पत्रावळीची परत पाठवायची आहे ना, ती मी वाचतो. ती ट्रंकवालीनं वाचली होती, ती सोडायला तयार नाही. बाई दोघांनाही पुस्तकाशी बसवतात, अर्धी तू, अर्धी तू. दारातला पहारेकरी पुन्हा बाहेर जातो, खिडक्या पुन्हा लागतात, शाल पुन्हा घडी होते आणि फळ्यावरची शिंकेची सूचना कुणीतरी खडूनं आणखी ठळक करतं.