पाय सुटला पाहिजे

जुनी पेटंटं वाचायचा मला नाद आहे. कादंबरीत माणूस जितका उघडा पडतो त्याहून जास्त तो पेटंटच्या अर्जात पडतो, असं माझं मत. घरात ते कुणाला पटत नाही. सिनेरामाचा जनक फ्रेड वॉलर याच नादापायी हाती लागला. तीन प्रोजेक्टर, १४६ अंशांत वळलेला पडदा, दुसऱ्या महायुद्धात विमानावरच्या तोफचींना नेम शिकवणारं यंत्र, हे सगळं अपेक्षितच होतं. पण त्यात २७ ऑक्टोबर १९२५ या तारखेचं एक पेटंट निघालं, आणि ते होतं बोटीमागे पाण्यावर उभं राहून घसरत जायच्या दोन फळ्यांचं. भट्टीत वाळवलेल्या महोगनीच्या या फळ्या वॉलरने 'डॉल्फिन अक्वा-स्कीज' या नावाने विकल्या. पुढे १९५२ साली न्यू यॉर्कमध्ये 'धिस इज सिनेरामा' झळकला, तेव्हा त्या वळलेल्या पडद्यावर फ्लोरिडातल्या सायप्रेस गार्डन्सचे वॉटर स्कीपटू पाणी उडवत गेले. हा योगायोग असेल किंवा वॉलरचा हट्ट. मला हट्टच वाटतो.

पेटंट वॉलरचं खरं, पण पाण्यावर आधी उभा राहिला तो दुसराच.

मिनेसोटात मिसिसिपी नदी एका ठिकाणी पसरट होते, त्या पाण्याला लेक पेपिन म्हणतात. काठावर लेक सिटी हे लहानसं गाव. तिथल्या राल्फ सॅम्युएल्सनच्या डोक्यात १९२२ च्या उन्हाळ्यात एक खूळ शिरलं: बर्फावर घसरता येतं तर पाण्यावर का नाही? पिंपाच्या लाकडी पट्ट्या बांधून पाहिल्या, बर्फाच्या स्की पायांत घालून पाहिल्या. दोन्ही वेळा बुडाला. मग त्याने आठ फूट लांब आणि नऊ इंच रुंद अशा पाइनच्या दोन फळ्या घेतल्या, आईच्या तांब्याच्या पातेल्यात त्यांची टोकं उकळली आणि मऊ झाल्यावर वर वाकवून आवळून ठेवली. पायांना चामड्याचे पट्टे. ओढायला खिडकीचं तावदान वर-खाली करायची शंभर फूट दोरी. हातात धरायला लोहाराकडून करून घेतलेली लोखंडी कडी. बोट चालवायला थोरला भाऊ बेन.

तरी काही दिवस तो पडतच राहिला. २ जुलैला, एकोणिसावा वाढदिवस दुसऱ्या दिवशी असताना, त्याने बसण्याची पद्धत बदलली. फळ्यांची टोकं पाण्याबाहेर काढली, अंग मागे टाकलं आणि बेनला निघायला सांगितलं. तो उभा राहिला. या खेळातला मूळ शोध माझ्या मते त्या फळ्यांत नाही, तो या बैठकीत आहे. आणि बैठकीचं पेटंट मिळत नाही. सॅम्युएल्सनने पेटंट मागितलंही नाही. १९२५ साली अर्धवट बुडालेल्या तरंगत्या फलाटाला डुकराची चरबी फासून त्याने त्यावरून उडी मारली, आणि त्याच वर्षी कर्टिस कंपनीच्या पाण्यावरून उडणाऱ्या विमानामागे ताशी ८० मैलांच्या वेगाने गेला. हे पाहायला गावकरी जमत. पुढे बांधकामावरच्या एका अपघातात त्याची पाठ मोडली आणि स्कीइंग संपलं. मग तो टर्की पाळायला लागला.

तोवर दावेदार बरेच झाले होते. वॉलरकडे सरकारी कागद होता, सिअ‍ॅटलमध्ये डॉन इब्सेन होता, फ्रेंच रिव्हिएराचे लोक आपला किनारा पुढे करत होते. १९६३ साली सेंट पॉलच्या वर्तमानपत्रातली मार्गारेट क्रिमिन्स ही बातमीदार सुट्टीसाठी लेक सिटीला आली आणि तिथल्या नगरपालिकेच्या स्नानगृहात तिला त्या जुन्या फळ्या टांगलेल्या दिसल्या. तिने विचारपूस केली, गावातली माणसं बोलली, बातमी छापून आली. १९६६ साली अमेरिकेच्या वॉटर स्की संघटनेने सॅम्युएल्सनला पहिला वॉटर स्कीपटू असल्याचा मान दिला. १९७७ साली तो वारला. वॉलरने काही चोरलं नव्हतं. त्याने स्वतःच्या बुद्धीने केलं आणि रीतसर नोंदवलं, एवढंच. तरी कागदापुढे लाकूड जिंकलं याचा मला, पेटंटवेड्याला, आनंदच झाला.

मधली वर्षं भराभर: १९३९ साली अमेरिकन संघटना आणि जोन्स बीचवरची पहिली राष्ट्रीय स्पर्धा, १९४९ साली फ्रान्समध्ये ज्वॉं-ले-पॅंला पहिली जागतिक स्पर्धा, १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकवेळी कीलला प्रात्यक्षिक. ऑलिंपिकचं दार त्यापुढे उघडलं नाही. या सगळ्यात दोन फळ्यांची एक झाली, दोन्ही पाय एकामागे एक आले आणि स्लॅलम घडलं.

स्लॅलमचं गणित मला अजून चकित करतं. बोट सरळ रेषेत जाते. दोन्ही बाजूंना मिळून सहा बोये, प्रत्येक मधल्या रेषेपासून ११.५ मीटर बाहेर. एकूण अंतर २५९ मीटर. पुरुषांच्या कमाल वेगाला, ताशी ५८ किलोमीटरला, ते १६.०८ सेकंदांत संपतं. स्कीपटूने नागमोडी जात सहाही बोयांना बाहेरून वळसा घालायचा. जमलं की दोर आखूड करतात: १८.२५ मीटर, मग १६, १४.२५, १३, १२, ११.२५, १०.७५, १०.२५, ९.७५. आता इथे थांबून बघा. बोया साडेअकरा मीटरवर, आणि दोर सव्वादहा मीटरचा! दोर बोटीशी काटकोनात आला तरी हँडल बोयापर्यंत पोचत नाही, सव्वा मीटर कमीच पडतं. ते अंतर माणूस स्वतःच्या अंगाने भरून काढतो: एक हात सोडून दुसरा लांबवतो आणि शरीर पाण्यालगत झोकून पायाखालची स्की बोयाच्या पलीकडून नेतो. २०१३ साली नेट स्मिथ या अमेरिकनाने ९.७५ मीटरवर अडीच बोये घेतले. अडीच म्हणजे दोन पुरे आणि तिसऱ्याला वळसा घालून परतीची निम्मी वाट. या खेळात अर्ध्या बोयासाठी माणसं वर्षं घालवतात.

तंत्र सांगायला सोपं आहे. वळण संपताना दोर ताठ हवा. मग घोटे, कंबर आणि खांदे एका रेषेत ठेवून बोटीच्या विरुद्ध बाजूला झुकायचं, हँडल कमरेशी धरायचं आणि बोटीमागचा लाटांचा पट्टा दोन्ही हात हँडलवर ठेवून ओलांडायचा. पलीकडे गेल्यावर स्की दुसऱ्या कडेवर घ्यायची आणि मगच हात सोडायचा. चूक बहुधा एकच: बोया गाठायच्या घाईत वळण लवकर आवळलं जातं, दोर सैल पडतो आणि पुढच्या क्षणी बोट तो ताणते. तो हिसका आधी खांद्याला, मग कमरेला बसतो.

चूक मान्य करण्यापेक्षा फिनला दोष देणं सोपं. स्कीच्या मागच्या टोकाखालचं हे अ‍ॅल्युमिनियमचं पातं पुढेमागे आणि वरखाली सरकवता येतं. त्यावरच्या छोट्या पंखाचा कोनही बदलता येतो. स्कीपटू डिजिटल कॅलिपर घेऊन इंचाच्या हजाराव्या भागात मापं घेतात. वरच्या दर्जाच्या खेळाडूला तो फरक जाणवत असेल. सव्वाचौदा मीटरवर धडपडणाऱ्या हौशी माणसाने धक्क्यावर बसून पाच हजारांश इंच सरकवणं म्हणजे परीक्षेच्या दिवशी पेन बदलणं.

खरा वाद बुटांचा आहे. माझ्या वाचनात सगळ्यांत तापलेला, आणि तापायला हवा असाच. लाकूड जाऊन फोमच्या गाभ्यावर कार्बन फायबर आलं, बोटीचा वेग जीपीएस सांभाळायला लागलं, पण पडल्यावर पाय कसा सुटणार हा प्रश्न सॅम्युएल्सनच्या चामडी पट्ट्यांपासून लोंबकळत राहिला. पुढच्या पायाला बूट आणि मागच्याला फक्त पट्टा असेल, तर पडताना मागचा पाय निसटतो आणि पुढचा अडकून राहतो. मग स्कीची लांबी तरफेसारखी घोट्यावर काम करते. दोन्ही पायांना बूट घातले तर दोन्ही एकदम सुटायला हवेत. एकच सुटला की पुन्हा तेच. म्हणून काहींनी दोन्ही कडक बूट एका पट्टीवर बसवून ती पट्टी एकमेकींत अडकणाऱ्या चिकट पट्ट्यांनी स्कीला लावली, म्हणजे सुटली तर पायांसकट सुटेल. दुसऱ्यांनी बर्फाच्या स्कीसारखी खटक्याची सोय केली. प्रत्येक पंथ दुसऱ्याचे मोडलेले घोटे मोजून दाखवतो. पट्ट्या दर वेळी सारख्या ताकदीने सुटत नाहीत, आणि खटका नीट लावलेला नसेल तर नुसता शोभेचा. माझा कल दोन्ही पाय एकत्र सुटण्याकडे आहे, कारण माझ्या मते पाण्यात सर्वांत वाईट अवस्था म्हणजे अर्धवट सुटणं.

या धुंडाळणीत मला सर्वांत मोलाचं सापडलं ते १९९६ सालचं एक छोटं संशोधन. अमेरिकेतल्या क्रीडावैद्यकाच्या नियतकालिकात सॅले, गॅरेट आणि सहकाऱ्यांनी मांडीमागचे स्नायू, म्हणजे हॅमस्ट्रिंग, दुखावलेल्या १२ वॉटर स्कीपटूंची हकीकत दिली आहे. हे स्नायू ज्या हाडावर आपण बसतो त्याला चिकटलेले असतात. त्या मुळापासूनच ते उपटले जातात. अनुभवी लोकांना हे वेगात पुढे फेकले जाताना झालं. नवशिक्यांना मात्र निघतानाच, पाण्यात बसलेल्या अवस्थेत. गुडघे ताठ झाले, बोटीने हात पुढे ओढले, कंबर वाकली आणि स्नायू दोन्ही टोकांकडून ताणला गेला. त्या बारांपैकी निम्म्याहून थोडे अधिक खेळांकडे परतले, तेही बहुतेक खालच्या दर्जावर. बाकीच्यांना धड धावता येईना.

अंग मागे टाक, हा सॅम्युएल्सनचा मंत्र, पण नवशिक्या तो ऐकून पाय लांब करतो. गुडघे छातीशी, हात सरळ आणि उठायची घाई नाही, एवढं पहिल्या दिवशी शिकवलं तर कितीतरी शस्त्रक्रिया टळतील. बाकीची काळजी ठाऊक असते पण लोक ती टाळतात: हँडलच्या त्रिकोणात कोपर जाऊ नये म्हणून जाळी, आणि जोराने आदळल्यावर पाणी आत घुसून आतड्याला इजा होऊ नये म्हणून निओप्रीनची चड्डी. दुसरीबद्दल कुणी मोठ्याने बोलत नाही, म्हणून इथे लिहिली.

पुन्हा हॅमस्ट्रिंगकडे: 'टक्' असा आवाज आला, बसता येईना आणि काही दिवसांत मांडीमागे काळंनिळं उतरलं, तर शेकत बसू नये. सगळे तंतू उपटून खाली सरकले असतील तर पहिल्या काही आठवड्यांतली शस्त्रक्रिया सोपी जाते. नंतर ते आखडतात, शेजारच्या सायटिक नसेला चिकटतात. पुढे कुबड्या, मग हळूहळू स्नायू ताण सोसत लांबतो असे व्यायाम. पाण्यात परतायला सहा महिने आणि बऱ्याचदा त्याहून जास्त. परतताना बोये सोडून नुसतं मोकळं स्की करायचं, दोर लांब, वेग कमी. वय वाढलेल्यांना नियमही थोडी मदत करतात: पस्तिशीपुढच्या पुरुषांच्या गटांत बोटीचा वेग ५८ वरून ५५ वर येतो. कागदावर तीनच किलोमीटर, पण बोयापाशी पोचायला तेवढी उसंत मिळते, आणि पस्तिशी गाठल्याचा इतका उघड आनंद मी दुसऱ्या कुठल्या खेळात पाहिलेला नाही.