फ्रँचायझी घेताय? आधी रॉयल्टीचं गणित मांडा



अमेरिकन उद्योजक रे क्रॉकने १९५५ मध्ये इलिनॉयमधल्या डेस प्लेन्सला मॅकडोनाल्ड्सचं दुकान थाटलं. इतरांना तो फ्रँचायझी देई, त्याची फी ९५० डॉलर आणि विक्रीवर १.९ टक्के. त्यातलाही ०.५ टक्का मूळ मालक मॅकडोनाल्ड बंधूंचा. एवढ्यात क्रॉकचं काय भागणार? मग त्याचा सहकारी हॅरी सोनबॉर्नने तोडगा काढला: जागा कंपनीने घ्यायची आणि फ्रँचायझीवाल्याला भाड्याने द्यायची. खरा पैसा तिथे आला! १९६१ मध्ये क्रॉकने बंधूंचे सगळे हक्क २७ लाख डॉलरला घेतले.

आता आपल्याकडचं बघा. रॉयल्टी बहुधा विक्रीवर असते, नफ्यावर नाही. म्हणजे तोटा झाला तरी ती भरायचीच. समजा, महिन्याची विक्री ५ लाख आणि रॉयल्टी ६ टक्के. ३०,००० गेले. त्यावर १८ टक्के जीएसटी, आणखी ५,४००. रेस्टॉरंट ५ टक्के जीएसटीत असेल तर या ५,४००चं इनपुट क्रेडिटही (भरलेला कर वळता करून घेण्याची सोय) मिळत नाही. भाडं, पगार, गॅस, कच्चा माल हे सगळं अजून बाकीच आहे.

फ्रँचायझीसाठी भारतात वेगळा कायदा नाही. कराराची मुदत, नूतनीकरणाची फी, शेजारच्या गल्लीत दुसरी शाखा निघेल का, हे सगळं करारातच ठरतं. म्हणून सही करण्याआधी करार वकिलाला दाखवा, आणि त्याच ब्रँडच्या दोन-तीन जुन्या दुकानदारांकडे चहाला जाऊन बसा.