अंदमानला गेलात आणि स्कुबा केलं नाही? काही जणांना ही मजा का सोसत नाही, समजून घ्या!

अंदमानहून कोणी परत आलं की ऑफिसमध्ये, सोसायटीत, फॅमिली ग्रुपवर पहिला प्रश्न ठरलेला असतो, "स्कुबा केलं का?" उत्तर "नाही" आलं की पुढचं वाक्यही ठरलेलं, "मग एवढ्या लांब गेलात कशाला?"

पोर्ट ब्लेअर (२०२४ पासून याचं नाव श्री विजयपुरम झालं), हॅवलॉक म्हणजे स्वराज द्वीप आणि नील म्हणजे शहीद द्वीप. अंदमानच्या बहुतेक पॅकेजमध्ये हीच तीन ठिकाणं असतात आणि करायच्या गोष्टींची यादीही तीच असते. स्कुबा डायव्हिंग, स्नॉर्कलिंग, सी वॉक, जेट स्की, बनाना बोट, काचेच्या तळाची बोट. रील्समध्ये हे सगळं करणारे लोक हसतच असतात.

पण प्रत्येक ग्रुपमध्ये दोन-चार जण असे निघतातच, ज्यांना यातलं काही आवडत नाही. कोणी बोटीतच आडवं होतं, कोणी पाण्यात उतरून दोन मिनिटांत वर येतं, कोणी किनाऱ्यावर सगळ्यांच्या चपला आणि मोबाईल सांभाळत बसतं. मग त्यांना "घाबरट" म्हणून चिडवलं जातं.

खरं तर बऱ्याचदा कारण शरीरातच असतं. ते आधी कळलं तर पैसे वाचतात, सुट्टी खराब होत नाही आणि एखादा गंभीर अपघातही टळू शकतो.

सुरुवात बोटीपासून : बोट का लागते?

पोर्ट ब्लेअरहून स्वराज द्वीपला जायला खासगी जलद बोटीला साधारण दीड ते दोन तास लागतात. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो आणि इतर दिवसांतही वारा सुटला की बोट चांगलीच डोलते.

आपल्या कानाच्या आतल्या भागात तोल सांभाळणारी यंत्रणा असते. बोट हलली की ती मेंदूला सांगते, "आपण हलतोय." पण डोळ्यांसमोर बोटीची भिंत, पुढची सीट किंवा मोबाईल असतो आणि तो स्थिर दिसतो. दोन उलट निरोप एकाच वेळी आले की मेंदूचा गोंधळ होतो. मग मळमळ, घाम, गरगरणं आणि उलटी.

याचा धाडसाशी काही संबंध नाही. उत्क्रांतीचा सिद्धांत मांडणारा चार्ल्स डार्विन १८३१ ते १८३६ अशी पाच वर्षं 'बीगल' जहाजावर होता आणि त्याला बोट लागण्याचा त्रास शेवटपर्यंत झाला. ब्रिटिश नौदलाचा सेनापती नेल्सन यालाही हाच त्रास होता. साधारण २ ते १२ वर्षांच्या मुलांना आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांना हा त्रास जास्त होतो.

उपाय साधे आहेत. बोटीच्या मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची सीट घ्यावी. नजर लांब क्षितिजावर ठेवावी. मोबाईल खिशात ठेवावा. डॉक्टरांना विचारून घेतलेली गोळी प्रवासाच्या आधी घ्यावी, मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही.

आता काचेच्या तळाच्या बोटीचं बघा. डोलणाऱ्या बोटीत मान खाली घालून काचेतून बघायचं, म्हणजे बोट लागण्यासाठी लागणारं सगळं एकाच ठिकाणी. आजी-आजोबांना "हे तरी करा, सोपं आहे" म्हणून ज्या बोटीत बसवलं जातं, तिथेच अनेकांच्या पोटात ढवळतं.

स्कुबा : आधी कान बोलतात

स्वराज द्वीपला पर्यटकांना जे स्कुबा करायला मिळतं, त्याला पोहता येण्याची अट नसते. एक प्रशिक्षक तुम्हाला धरून साधारण ५ ते १२ मीटर खोलीपर्यंत नेतो.

जमिनीवर आपल्या अंगावर हवेचा जेवढा दाब असतो, तेवढाच दाब पाण्यात दर १० मीटरला वाढत जातो. म्हणजे १० मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो. याची पहिली जाणीव कानाला होते. घाटात किंवा विमानात कानाला दडे बसतात, तेच इथे काही सेकंदांत आणि जास्त जोराने होतं. पहिल्या दोन-तीन मीटरमध्येच कान दुखायला लागतात.

नाक चिमटीत धरून हळूच हवा फुंकली की घशापासून कानाकडे जाणारी नळी उघडते आणि दाब सारखा होतो. काहींना हे लगेच जमतं, काहींच्या नळ्या सहज उघडतच नाहीत. सर्दीने नाक चोंदलं असेल तर मग विचारायलाच नको. अशा वेळी जोर लावून खाली जाणं म्हणजे कानाच्या पडद्याशी खेळ.

"मग सी वॉक करा, डोक्यावर हेल्मेट असतं, केसही भिजत नाहीत" असं सांगितलं जातं. पण सी वॉकमध्येही माणूस साधारण सहा-सात मीटर खाली जातो. हेल्मेटमध्ये हवा असली तरी तिचा दाब बाहेरच्या पाण्याएवढाच असतो. ज्याचे कान स्कुबामध्ये दुखले, त्याचे इथेही दुखणार.

श्वासाची भीती, आणि ती हलक्यात का घेऊ नये

मास्कमुळे नाक बंद होतं आणि तोंडातल्या नळीतून श्वास घ्यावा लागतो. जन्मभराची सवय पाच मिनिटांत मोडायची असते. मेंदूला हे पटत नाही, श्वास भराभर आणि उथळ होतो, छातीत कोंडल्यासारखं वाटतं आणि "आत्ताच्या आत्ता वर जायचं" ही एकच इच्छा उरते.

खरा धोका इथे आहे. पाण्याखाली घेतलेली हवा दाबलेली असते. घाबरून श्वास रोखला आणि झटकन वर आलं, तर ती हवा फुप्फुसात फुगते आणि इजा होऊ शकते. त्यासाठी फार खोल जावं लागत नाही, दीड-दोन मीटरही पुरतात. म्हणूनच स्कुबाचा पहिला नियम असतो : श्वास कधीही रोखायचा नाही.

"काही होत नाही, चल" असं म्हणत एखाद्याला ढकलणं म्हणूनच चुकीचं आहे. जो मनातून तयार नाही, तोच पाण्याखाली गोंधळण्याची शक्यता जास्त.

एक गंमत, पण महत्त्वाची. पाण्याखाली अंगठा वर करणं म्हणजे "मस्त" नव्हे. त्याचा अर्थ "मला वर जायचंय." सगळं ठीक आहे हे सांगायला अंगठा आणि तर्जनी जोडून गोल करतात. फोटोसाठी अंगठा दाखवला आणि प्रशिक्षकाने वर आणलं, तर त्याची चूक नाही!

स्नॉर्कलिंग सोपं वाटतं, पण...

स्नॉर्कलिंगमध्ये खोल जायचं नसतं. पाण्यावर पालथं तरंगत, नळीने श्वास घेत खाली बघायचं. तरी अनेकांची चिडचिड होते. लाट आली की नळीत खारं पाणी शिरतं. मिशी असेल तर मास्क चेहऱ्याला नीट चिकटत नाही आणि पाणी आत येत राहतं. चष्मा घालता येत नाही, त्यामुळे ज्यांचा नंबर जास्त आहे त्यांना मासे म्हणजे रंगीत ठिपके दिसतात.

वर ऊन असतंच. पाणी गार लागतं म्हणून कळत नाही, पण जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार अर्धा मीटर पाण्याखालीही पृष्ठभागावरच्या अतिनील किरणांपैकी ४० टक्के पोहोचतात. स्नॉर्कलिंग करून आलेल्यांची पाठ आणि पोटऱ्या रात्री भाजल्यासारख्या का होतात, ते यावरून कळेल. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा टी-शर्ट घातला तर हा त्रास बराच कमी होतो.

जेट स्की आणि बनाना बोटीची गोष्ट वेगळी. त्यांची मजाच धक्क्यांमध्ये आहे. बनाना बोट तर बऱ्याचदा मुद्दाम उलटवली जाते. कंबर, मान, गुडघे दुखत असतील किंवा पाण्याचीच भीती असेल, तर ती मजा राहत नाही. बसण्याआधी "बोट उलटवणार का?" हे विचारून घ्यावं.

रीलमध्ये दिसतं तसं का दिसत नाही?

निराशा होण्याचं हेही मोठं कारण. पाणी प्रकाशातले रंग शोषून घेतं आणि त्यात लाल रंग सगळ्यात आधी जातो. पाच-सात मीटरवर तो फिका पडतो, दहा मीटरच्या आसपास जवळजवळ दिसेनासा होतो. म्हणून डोळ्यांना सगळं निळसर-हिरवट दिसतं. रीलमधले झगझगीत रंग दिव्यांमुळे किंवा नंतर केलेल्या एडिटिंगमुळे आलेले असतात.

शिवाय प्रवाळही सगळीकडे पूर्वीसारखे राहिलेले नाहीत. २००४ च्या भूकंपात आणि त्सुनामीत अंदमानच्या प्रवाळांचं नुकसान झालं. २०१० आणि २०१६ मध्ये समुद्राचं पाणी जास्त तापल्याने प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले. त्यामुळे किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात काही ठिकाणी मेलेले, राखाडी प्रवाळच जास्त दिसतात.

घड्याळाचाही घोटाळा

अंदमान मुंबईच्या बरंच पूर्वेला आहे, पण घड्याळ तेच भारतीय वेळेचं. त्यामुळे डिसेंबरमध्ये तिथे संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य मावळतो, मुंबईपेक्षा तासभर आधी. म्हणून सगळे कार्यक्रम सकाळी लवकर सुरू होतात. बाराटांगच्या चुनखडीच्या गुहा बघायच्या तर मध्यरात्रीनंतर काही तासांतच हॉटेल सोडावं लागतं, कारण जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून गाड्या ठरलेल्या वेळी ताफ्यानेच सोडतात. त्या रस्त्यावर थांबायला आणि जारवांचे फोटो काढायला कायद्याने बंदी आहे. सुट्टीत उशिरापर्यंत झोपायचं स्वप्न घेऊन गेलेल्यांची इथे पंचाईत होते.

"पैसे भरलेत ना, मग करायचंच!"

आवडत नसतानाही लोक हे सगळं का करतात? १९८५ मध्ये आर्केस आणि ब्लूमर या दोन संशोधकांनी लोकांना एक प्रश्न विचारला. समजा, तुम्ही दोन सहलींची तिकिटं काढली आहेत, एक १०० डॉलरची आणि एक ५० डॉलरची. ५० डॉलरवाली जास्त मजेची असेल असं तुम्हाला वाटतं. पण दोन्ही एकाच दिवशी आल्या आणि पैसे परत मिळणार नाहीत. कुठे जाल? निम्म्याहून जास्त लोकांनी १०० डॉलरची, म्हणजे कमी मजेची सहल निवडली.

पॅकेजमध्ये नेमकं हेच होतं. पैसे गेलेलेच असतात. त्यावर आता एक त्रासदायक सकाळही द्यायची का, एवढाच प्रश्न उरलेला असतो.

बुकिंग करण्याआधी हे तपासा

१. दमा, हृदयविकार, फुप्फुसाचा आजार, फिट्स, कानाचं किंवा नुकतंच झालेलं दुसरं ऑपरेशन, गरोदरपण यातलं काही असेल तर स्कुबाबद्दल आधी डॉक्टरांशी बोला. तिथल्या फॉर्मवर आजार लपवू नका.

२. स्कुबा परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी सकाळपर्यंत उरका. एका डाइव्हनंतर किमान १२ तास आणि जास्त डाइव्ह केल्या असतील तर किमान १८ तास विमानात बसू नये असा सल्ला दिला जातो.

३. कंबरभर पाण्यात मास्क लावून पाच मिनिटं श्वास घेऊन बघा. तिथेच नको वाटलं तर पुढे जाऊ नका.

४. सगळ्या ॲक्टिव्हिटी आधीच पॅकेजमध्ये घेऊ नका. जागेवर ठरवता येतील अशा ठेवा आणि पैसे परत मिळतात का ते विचारा.

पाण्यात न उतरता अंदमान

ज्यांना हे काहीच नको, त्यांच्यासाठीही बेटावर भरपूर आहे. सेल्युलर जेल तर मराठी माणूस बघतोच. सावरकर १९११ ते १९२१ या काळात इथे कैदेत होते आणि जेलच्या मूळ ७ इमारतींपैकी आज ३ उभ्या आहेत. समोरचं रॉस बेट, म्हणजे नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप, हे ब्रिटिशांचं मुख्यालय होतं. तिथल्या पडक्या भिंतींवर झाडांची मुळं चढली आहेत. १८८३ पासूनची चॅथम सॉ मिल आहे, मानवशास्त्र संग्रहालय आहे. चिडिया टापूला पक्षी आणि सूर्यास्त बघता येतो. शहीद द्वीपला ओहोटीच्या वेळी खडकांमधल्या डबक्यांत मासे, खेकडे, समुद्रकाकड्या दिसतात. मास्क नाही, नळी नाही, फक्त ओहोटीची वेळ विचारून जायचं.

ज्यांना स्कुबा आवडतं त्यांनी जरूर करावं. आणि ज्याला नको आहे, त्याला राधानगरच्या किनाऱ्यावर शहाळं घेऊन निवांत बसू द्यावं. तोही अंदमानच बघतोय.